चोकची कॉफी

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता मी नाना पेठेत गाडी लावायला जागा शोधत होतो. पुणेकरांना एवढ्या एका वाक्यात माझी मनःस्थिती कळली असेल. बाहेरच्यांसाठी सांगतो: नाना पेठ म्हणजे टू-व्हीलरच्या स्पेअर पार्ट्सची पंढरी. बंद पडलेल्या, विसरल्या गेलेल्या, कंपनीसुद्धा ज्यांचं नाव काढत नाही अशा गाड्यांचे पार्ट इथल्या कुठल्यातरी दुकानदाराच्या माळ्यावर हमखास असतात. गल्ल्या अशा की समोरून टेम्पो आला तर कोणीतरी एकाने रिव्हर्स घ्यायचा, आणि तो टेम्पोवाला नसतो. आणि अशाच एका गल्लीत, जुन्या गॅरेजच्या जागी, माझ्या मित्राने कॉफीचं दुकान काढलंय. स्पेशालिटी कॉफी. वरच्या मजल्यावर रोस्टरी. आणि सगळी थीम मोटरसायकलची.

दुकानाचं नाव सांगत नाही. एक तर शनिवारी तिथे आधीच बसायला जागा नसते, आणि दुसरं कारण पुढे येईलच.

मित्राचं नाव पण सांगत नाही, त्याला आम्ही हॉस्टेलवर चोक म्हणायचो. सांगलीला इंजिनिअरिंगला चार वर्षं रूम पार्टनर होता. हा प्राणी सकाळी सुरूच व्हायचा नाही. उठायचा, बसायचा, भिंतीकडे बघायचा. दोन कप चहा आत गेल्याशिवाय तोंडातून शब्द नाही. थंडीत तर दहा वाजेपर्यंत नुसतं घरघर. म्हणून चोक. (हल्लीच्या पोरांना चोक काय ते सांगावं लागतं. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स आलं, बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन लागलं आणि कार्ब्युरेटरबरोबर चोकचा खटकाही गेला. इंजिन गार असताना हवा कमी आणि पेट्रोल जास्त जावं म्हणून तो ओढायचा. संपली माहिती.)

तर या चोकच्या दुकानात मी पहिल्यांदाच जात होतो. दुकान उघडून दोन वर्षं उलटून गेली, माझ्या फ्लॅटपासून फार तर पंधरा किलोमीटर, आणि मी एकदाही गेलो नव्हतो. उद्घाटनाला 'प्रॉडक्शन रिलीज आहे' हे कारण दिलं होतं. पहिल्या वाढदिवसाला 'ताप आहे'. मग त्याने बोलावणंच बंद केलं. परवा अचानक मेसेज आला, "रोस्टिंगवरचा पोरगा गावाला गेलाय. शनिवारी हात पाहिजेत. अक्कल नको, फक्त हात. ये." आता एवढ्या प्रेमाने बोलावल्यावर नाही कसं म्हणणार!

का जात नव्हतो ते सांगायला पाहिजे.

लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघं एकाच फ्लॅटमध्ये अडकलो होतो. दिवसभर स्टँडअप कॉल, रात्री कॉफी. चोकने कुठूनतरी दोन किलो हिरव्या बिया मागवल्या, आणि आम्ही त्या लोखंडी कढईत, शेंगदाणे भाजतात तशा भाजल्या. घरभर धूर. अर्ध्या बिया कोळसा, अर्ध्या कच्च्या. पण त्यातल्या त्यात बऱ्या निघालेल्या बियांची जी कॉफी झाली ती प्यायलो आणि दोघं गप्प बसलो. आमच्या घरी कॉफी म्हणजे पाहुणे आल्यावर भरपूर दूध, भरपूर साखर आणि वर किसलेलं जायफळ. कॉफीला स्वतःची अशी चव असते ही बातमी आम्हाला पंचविशीच्या तोंडावर कळली.

मग सुरू झाले प्लॅन. आणि इथे एक कबुली: प्लॅन माझे होते. चोक नुसता भाजत बसायचा, भाषण मी द्यायचो. नोकरी म्हणजे गुलामी, आपण आयुष्यभर दुसऱ्याचे बग सोडवायला जन्मलो नाही, वगैरे वगैरे. एक्सेल शीट माझी, सात टॅबची. त्यात मशीनची किंमत, भाडं, महिन्याला किती कप विकले तर ब्रेक-इव्हन, सगळं. मोटरसायकलची थीम हीसुद्धा माझीच आयडिया. चोककडे तेव्हा एक बंद पडलेली येझदी रोडकिंग होती, मामाकडून आलेली.

२०२२ च्या पावसाळ्यात चोकने खरंच राजीनामा दिला. जागा बघितली, पाच किलोच्या रोस्टरला ॲडव्हान्स दिला. माझे चार लाख यायचे होते. आणि त्याच महिन्यात एका बिल्डरची ऑफर आली, घरून लग्नाचा विषय निघाला, 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट' हे वाक्य आई दर फोनला बोलायला लागली, आणि मी ते चार लाख बुकिंगला भरून टाकले. ठीक आहे, माणूस घाबरतो. तेवढंच सांगितलं असतं तर चाललं असतं. पण ज्याने दोन वर्षं गुलामीवर भाषणं दिली त्याने 'मी फ्लॅट घेतोय रे' कसं म्हणायचं? मी मेसेज टाकला, "बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालंय. दोन्ही. पैसे तिकडे लागणार. सॉरी भावा."

बाबांचे गुडघे उत्तम आहेत. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस आहे, अजून रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो.

असो. तर गाडी एकदाची कुठेतरी कोंबली आणि आत गेलो.

मला वाटलं होतं आतमध्ये थीम रेस्टॉरंटचा पोरकटपणा असेल. थोडा आहेच. पेट्रोलच्या टाक्यांचे दिवे केलेत, ते एक वेळ चालतं. पण एस्प्रेसोला 'किक' आणि कोल्ड ब्रूला 'न्यूट्रल' म्हणणं म्हणजे जरा जास्तच. भाजणीच्या पातळीला गिअरचे नंबर दिलेत, हलकी भाजलेली ती फर्स्ट, काळीकुट्ट ती फोर्थ. भिंतीवर जुन्या चेनचे हुक, त्यावर हेल्मेट अडकवायची. दारावर पाटी: 'फटाके फोडणारा सायलेन्सर लावून आलेल्यास कॉफी मिळणार नाही.' ही मात्र आवडली. मेनूच्या तळाला खडूने लिहिलं होतं, 'काका स्पेशल – दूध, साखर, जायफळ. हसू नये.' मी हसलो.

गिऱ्हाईक बघितलं तर निम्मे रायडर, म्हणजे जाकीट, गुडघ्याला गार्ड, सिंहगड चढून आल्याची धूळ. उरलेले निम्मे कॅबने आलेले आणि रायडरांच्या गाड्यांबरोबर फोटो काढणारे. माझ्यासारखे लॅपटॉपवाले तीन. तिघांच्याही गळ्यात आयडी कार्डाची दोरी. शनिवारी. दया आली.

कॅफे आणि मोटरसायकल यांचं लफडं तसं जुनं आहे. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली एस कॅफे नावाचं एक ठिकाण सुरू झालं. मुळात ट्रकवाल्यांसाठी, आपल्याकडे हायवेला ढाबा असतो तसं. पन्नास-साठच्या दशकात तिथे मोटरसायकलवाली पोरं जमायला लागली. हँडल खाली घेतलेलं, फूटरेस्ट मागे सरकवलेले, गाडीवरचं जे जे काढता येईल ते काढून टाकलेलं, आणि ध्येय एकच: ताशी शंभर मैल. ज्यूकबॉक्सवर गाणं लावायचं आणि ते संपायच्या आत ठरलेल्या जागी जाऊन परत यायचं, अशी दंतकथा आहे. त्यावरून त्या गाड्यांना कॅफे रेसर म्हणायला लागले. १९६९ ला ते बंद पडलं आणि २००१ मध्ये त्याच जागी पुन्हा पूर्ण उघडलं. हे सगळं एक्सेल शीटच्या सातव्या टॅबमध्ये मीच लिहून ठेवलं होतं, 'ब्रँड स्टोरी' या नावाने. आता तेच भिंतीवर फ्रेम करून लावलंय. शब्द माझे. एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक पण माझीच.

ती फ्रेम वाचत उभा होतो तेवढ्यात चोक आला. बारीक झालाय. हाताला भाजल्याचे दोन-तीन डाग. "आलास? चल वर," एवढंच म्हणाला. साडेनऊ वाजले होते, म्हणजे अजून पुरता सुरू झाला नव्हता.

जाता जाता कोपऱ्यात येझदी दिसली. मेन स्टँडवर, टाकी चकचकीत, दोन सायलेन्सर. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीने या गाड्या १९९६ पर्यंत काढल्या. २५० सीसी, टू-स्ट्रोक, आणि एकच दांडी किकलाही तीच आणि गिअरलाही तीच. किक मारून झाली की दांडी पुढे पाडायची, झाला गिअर. ज्याने कुणी हे डिझाईन केलं त्याला आमच्या आर्किटेक्चर टीममध्ये आणून बसवायला पाहिजे. "चालू आहे?" मी विचारलं. "आहे," चोक म्हणाला आणि जिना चढायला लागला. जिना म्हणजे जुन्या वाड्याचा, लाकडी, उभा. दोराला धरून चढायचं.

वर गेलो आणि मशीन बघून थांबलोच. एक किलोचं! आमच्या शीटमध्ये पाच किलोचं होतं. हे म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरला चाकं लावल्यासारखं दिसत होतं. मी काही बोललो नाही. त्यानेही सांगितलं नाही.

आता भाजणी कशी होते ते जरा सविस्तर सांगतो, कारण मला त्यात जाम मजा आली आणि इंजिनिअर मंडळींना येईल.

कोपऱ्यात चिकमगळूरच्या गोणी. हिरवी बी हातात घेतली तर कॉफीचा वाससुद्धा येत नाही, ओल्या गवतासारखा येतो. आठशे ग्रॅम मोजायच्या. ड्रम दोनशे अंशांच्या आसपास तापलेला असतो, त्यात ओतायच्या. गार बिया आत गेल्या की थर्मोमीटरचा आकडा धाडकन नव्वदपर्यंत खाली येतो आणि तिथून वळून वर चढायला लागतो. ड्रममध्ये थर्मोकपल, त्याची वायर लॅपटॉपला, आणि लॅपटॉपवर आर्टिसन नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. पायथॉनमध्ये लिहिलंय. दर क्षणाला तापमानाची रेघ, आणि तिच्याखाली दुसरी रेघ, तापमान वाढायच्या वेगाची. म्हणजे फर्स्ट डेरिव्हेटिव्ह! एम-वनमध्ये आपण जे रडत रडत शिकलो ते इथे एक माणूस पोट भरायला वापरतोय.

दीडशे अंशांच्या सुमारास बिया पिवळ्या पडतात आणि भाजलेल्या भाकरीसारखा वास येतो. मग हळूहळू बदामी, मग तांबूस. पातळ सालं सुटून उडतात, ती बाजूच्या डब्यात गोळा होतात. नऊ मिनिटांच्या पुढेमागे, साधारण एकशे पंचाण्णव अंशांना, आतून आवाज येतो. तट्. तट् तट्. लाह्या फुटाव्यात तसा. हा फर्स्ट क्रॅक. बीच्या आतली वाफ आणि वायू कवच फोडून बाहेर पडतात, बी फुगते. इथून पुढे कॉफी पिण्यालायक, आणि इथून पुढेच ती बिघडते. मिनिटभरात काढली तर आंबट-फळासारखी, आणखी ठेवली तर चॉकलेटकडे, दोनशे वीसच्या वर गेलात तर दुसऱ्यांदा तडतडते, तेल सुटतं आणि मग ती कुठल्या मळ्यातली होती याला काही अर्थ उरत नाही.

गोम अशी आहे की क्रॅकच्या वेळी बी स्वतःच वागायला लागते. वेगाची रेघ कधी एकदम पडते, कधी उसळते. "गॅस तेव्हा कमी करून उपयोग नाही," चोक म्हणाला. "त्याच्या दीड मिनिट आधी करायचा. ताम्हिणीत कसं, वळणात ब्रेक मारला की गेलास. वळणाच्या आधी मारायचा." ही पहिली लांबलचक वाक्यं. चोक सुरू झाला होता.

माझं काम काय, तर वजन करणं, ओतणं, काढल्यावर पंख्याच्या थाळ्यात फिरवून चार मिनिटांच्या आत गार करणं. आठशे ग्रॅमच्या सहाशे ऐंशी भरतात, पाणी उडून जातं. एक बॅच, दुसरी, तिसरी. तिसऱ्या बॅचला क्रॅक कधी झाला ते मी ओरडून सांगायचं होतं आणि मी ऐकलाच नाही, खाली रस्त्यावर कोणीतरी बुलेट रेस करत होतं. चोकने थंडपणे ती बॅच वेगळ्या डब्यात ओतली. "कोल्ड ब्रूला चालेल."

चौथ्या बॅचला मी मनात हिशेब करायला लागलो. वाईट सवय. आठवड्याला वीस किलो भाजलेली कॉफी लागते, असं तो बोलता बोलता म्हणाला होता. म्हणजे तीस बॅच. ओतण्यापासून गार करेपर्यंत पंधरा मिनिटं धरली तर साडेसात तास. पाच किलोच्या मशीनवर एका वेळी चार किलो घातले असते तर सहा बॅच, दीड तास. आठवड्याला सहा तासांचा फरक. दोन वर्षांचे आठवडे एकशे चार. सहाशे चोवीस तास. दिवसा खाली गिऱ्हाईक बघायचं असतं, म्हणजे हे सगळे तास रात्रीचे.

सहाशे चोवीस. हा माझ्या फ्लॅटचा खरा डाउन पेमेंटचा आकडा. आणि ताबा अजून मिळालेला नाही बरं का! बिल्डर म्हणतो दिवाळीनंतर. कुठल्या ते म्हणत नाही :)

साडेअकराला चोकने मशीन बंद केलं आणि दोन परातींमध्ये भाजलेल्या बिया ओतल्या. "निवड." तांदूळ निवडतात तसं बसायचं. झाडावरून कच्चीच तोडलेली फळं असतात, त्यांच्या बिया कितीही भाजल्या तरी रंग धरत नाहीत, फिकट राहतात. त्यांना क्वेकर म्हणतात. शंभर ग्रॅममध्ये दोन-तीन सापडतात, पण एकसुद्धा कपात गेली तर शेंगदाण्याच्या कागदासारखी चव लागते. दोघं समोरासमोर मांडी घालून बसलो. बरं वाटत होतं. हॉस्टेलसारखं.

"काकांचे गुडघे कसे आहेत?" त्याने विचारलं. मान खालीच.

आता इथे मला संधी होती. पण तोंडातून सरळ निघालं, "बरे आहेत आता. ऑपरेशननंतर सहा महिने जरा फिजिओ वगैरे..."

"हं," चोक म्हणाला. "बरेच असणार. मे महिन्यात इथे आले होते. हा जिना चढून. मध्ये थांबले पण नाहीत."

माझ्या हातात एक फिकट बी होती. ती मी चांगल्या बियांमध्ये टाकली.

मग त्याने सांगितलं, सांगताना निवडणं थांबवलं नाही. माझा मेसेज आल्यावर पंधरा दिवसांनी त्याने बाबांना फोन केला होता, ऑपरेशन कसं झालं, दवाखान्यात येऊ का, विचारायला. बाबा दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, "झालं बाळा. व्यवस्थित झालं. तू तुझं काम बघ." बास. ना त्याला काही सांगितलं, ना मला काही विचारलं. नंतर येझदी सुरू होईना तेव्हा चोक अधूनमधून त्यांना फोन करायचा. बाबांकडे लग्नाच्या आधी येझदी होती, त्यांना त्यातलं सगळं कळतं. फोनवर किती सांगणार, म्हणून गेल्या मे महिन्यात पुण्याला लग्नाला आले तेव्हा ते इकडे येऊन गेले. (मला सांगितलं होतं पर्वतीला जातो.) आधी वर येऊन मशीन बघितलं, मग खाली गाडीपाशी बसले. पॉइंट घासले, गॅप लावायला फीलर गेज सापडेना म्हणून खिशातलं एस.टी.चं तिकीट तीनदा दुमडून घातलं आणि तेवढ्यावर सेट केला. दुसऱ्या किकला गाडी सुरू. सगळं दुकान धुरात. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

"दोन तास उकिडवे बसले होते," चोक म्हणाला. "दोन तास. दोन्ही गुडघे बदललेला माणूस उकिडवा बसत नाही रे. एवढं मलाही कळतं."

"त्यांना काही बोललास?"

"मी बघतोय हे त्यांना कळलं. उठले, हात पुसले, म्हणाले, पोराने तुला काय सांगितलं ते मी त्याला विचारलेलं नाही. आणि मग म्हणाले, कॉफी पाज, पण ते काळं नको, जायफळ आहे का?"

काका स्पेशल. हसू नये.

"मी फ्लॅट बुक केला होता," मी म्हणालो.

"माहितीय. स्टेटसला फोटो टाकला होतास की. भूमिपूजनाचा." मग पहिल्यांदा त्याने मान वर केली. "पैशाचा राग नव्हता. नाही म्हणाला असतास तर शिव्या घातल्या असत्या आणि विसरलो असतो. पण मला काय वाटलं सांगू? काकांना पैसे कमी पडले तर? म्हणून पाच किलोच्या मशीनचा ॲडव्हान्स परत घेतला. ते पैसे बाजूला ठेवले होते तुझ्यासाठी. चार महिने. मागशील म्हणून वाट बघत होतो. आणि तू उद्घाटनाला पण येईनास, तर म्हटलं जास्तच सिरियस आहे बहुतेक."

यावर काय बोलायचं असतं? मला माहीत असतं तर इथे लिहिलं असतं. मी सॉरी म्हणालो. तो 'हं' म्हणाला. खाली एस्प्रेसो मशीनचा फुस्स आवाज आला, कोणीतरी चोकला हाक मारली. तो उठला आणि दारातून वळून म्हणाला, "ती मघाशी टाकलीस ती फिकटवाली शोधून काढ."

शोधली. दहा मिनिटं लागली. माझ्या परातीत आणखी दोन निघाल्या.

दुपारी दोनपर्यंत थांबलो. आणखी पाच बॅच झाल्या, शेवटच्या दोनला क्रॅक मी बरोबर सांगितला. मग त्याने स्वतः एक कप करून दिला. सोळा ग्रॅम कॉफी, अडीचशे मिली पाणी, वरून गोल गोल, तीन मिनिटं. चार दिवसांपूर्वी भाजलेली होती, ताजी लगेच पीत नाहीत, तिच्यातला वायू निघून जावा लागतो. मेनूवर त्या कॉफीबद्दल संत्रं आणि गूळ असं काहीतरी लिहिलं होतं. संत्रं मला सापडलं नाही. गूळ मात्र होता, गार होत गेली तसा जास्त.

निघताना अडीचशे ग्रॅमचं पाकीट घेतलं. चोकने पूर्ण पैसे घेतले, डिस्काउंट नाही, आणि पाकिटावर पेनने भाजल्याची तारीख घातली. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी येऊ का? तो म्हणाला, पोरगा गावाहून मंगळवारी येतोय. मग थोडं थांबून म्हणाला, "पण रात्री एकटाच असतो मी. बुधवारी आणि शुक्रवारी. दहानंतर." बुधवारी माझा क्लायंट कॉल असतो. तो मी आता सकाळी ढकललाय, क्लायंटला 'पर्सनल कमिटमेंट' असं कळवलंय. ऑपरेशन वगैरे काही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबांना फोन लावला. आधी हवापाण्याचं झालं. आईने बँकेचं काहीतरी विचारलं. मग म्हटलं, "बाबा, आज चोककडे जाऊन आलो."

"बरं केलंस." थोडा वेळ काहीच नाही. टीव्हीचा आवाज येत होता. "गाडी सुरू करतो का तो आठवड्यातून एकदा तरी? नुसती उभी ठेवली तर पॉइंटला परत गंज धरेल. सांग त्याला."

"सांगतो." पुढचं कसं काढावं कळेना. म्हणालो, "तिथला जिना फार उंच आहे हो."

"अठरा पायऱ्या आहेत," बाबा म्हणाले. "सातवी जरा हलते. तेवढी बसवून घ्या."